बॅकयार्डमध्ये आई-बाबांसाठी घर : कॅलिफोर्नियात एडीयू बांधताना

आमचं घर सॅन होजेत, १९५८ सालचं. एकमजली, तीन बेडरूमचं, मागे लांबट अंगण. आई-बाबा दीड-दोन वर्षांनी एकदा सांगलीहून येतात आणि सहा महिने राहतात. बाबा पहाटे साडेचारला उठतात, मी रात्री अकरापर्यंत कॉलवर असते, आणि मधे फक्त एक पातळ भिंत. सहा महिने दोन्ही पिढ्या एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून घरात चवड्यांवर चालतात. मागच्या अंगणात त्यांचं स्वतःचं, स्वतःच्या ओट्याचं आणि स्वतःच्या दाराचं घर असावं, हे त्यातूनच सुचलं.

कॅलिफोर्नियात याला एडीयू, म्हणजे ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट, म्हणतात. एकाच प्लॉटवर मूळ घराच्या जोडीला उभं राहिलेलं, स्वतःचं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वेगळं दार असलेलं दुसरं छोटं घर. आमचं बांधून झालं. ते करताना मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की एडीयूचा खर्च आणि वेळ टाइल्स नि कॅबिनेटवर ठरत नाही. जमिनीखालून जाणारा पाइप, भिंतीवरचं विजेचं पॅनेल आणि कुंपणाची खरी जागा या तीन गोष्टी तो ठरवतात. बहुतेक लोक आधी नकाशा काढतात आणि मग या गोष्टींकडे वळतात. आम्हीही तेच केलं. तुम्ही उलट क्रमाने जावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

कोणत्या प्रकारचं हवं

तीन मुख्य वाटा आहेत. अंगणात सुटं घर बांधणं, मूळ घराला जोडून खोल्या वाढवणं, किंवा गॅरेजचं घर करणं. शिवाय जेएडीयू (ज्युनियर एडीयू) नावाचा धाकटा प्रकार आहे. मूळ घराच्याच भिंतींच्या आत जास्तीत जास्त ५०० चौरस फुटांचा, छोटंसं किचन असलेला. त्यात बाथरूम मूळ घराशी सामाईक ठेवता येते, पण तशी ठेवली तर मालकाला त्याच घरात राहावं लागतं.

गॅरेज स्वस्त पडेल असं सगळ्यांना वाटतं, आणि कधीकधी पडतंही. छप्पर आणि भिंती तयार असतात, आहे त्याच जागी बदल करत असाल तर सेटबॅकची (हद्दीपासून सोडायच्या जागेची) अट आड येत नाही, आणि गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरं पार्किंग द्या असं सिटीला म्हणता येत नाही. पण जुन्या गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते, तिच्याखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर बहुधा नसतो, आणि पायाही राहत्या घराइतका भक्कम असेलच असं नाही. निर्णयाआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला एक तास बोलवून फरशी आणि पाया दाखवा. त्याची फी इथे वसूल होते.

आम्ही सुटं घर निवडलं, कारण गॅरेजचं दार रस्त्याकडे आणि आईला हवी होती सकाळची उन्हं.

कायदा काय म्हणतो

जुन्या वस्तीत राहणाऱ्यांची पहिली भीती असते, "आमच्या नेबरहुडमध्ये चालेल का?" २०२० पासून राज्याच्या कायद्याने हा प्रश्न बराचसा सोडवला आहे. एका कुटुंबाच्या घरांसाठी राखलेल्या भागातही एडीयू चालतं. त्यासाठी प्लॉट अमुक एवढा मोठा हवा, अशी अट सिटी घालू शकत नाही. बाजूला आणि मागे ४ फूट सोडून ८०० चौरस फुटांपर्यंतचं, १६ फूट उंचीचं सुटं घर सिटीला मंजूर करावंच लागतं. शेजाऱ्यांची सुनावणी होत नाही. नियमात बसत असेल तर परवानगी मिळते. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर तीही एडीयूवर सरसकट बंदी घालू शकत नाही, मात्र रंग-रूपाबद्दल वाजवी नियम लावू शकते.

सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत चालत जाता येत असेल, तर एडीयूसाठी पार्किंग मागता येत नाही. आकार ठरवताना दोन आकडे लक्षात ठेवा. ७५० चौरस फुटांच्या आतल्या एडीयूला सिटीचं इम्पॅक्ट शुल्क (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर पडणारा भार म्हणून घेतलं जाणारं) लागत नाही. आणि ५०० चौरस फुटांच्या वर गेलात की शाळा जिल्ह्याचं शुल्क लागू शकतं. आम्ही ७४० वर थांबलो. आणखी साठ फूट मिळाले असते, पण त्या साठ फुटांसाठी शुल्काचा वेगळाच हिशेब सुरू झाला असता.

राज्याचा कायदा हा किमान हक्क आहे. काही सिटी त्याहून जास्त मुभा देतात. म्हणून आपल्या सिटीच्या प्लॅनिंग विभागाचं एडीयूचं माहितीपत्रक आधी वाचा, आणि त्यासोबत राज्याच्या गृहनिर्माण खात्याची एडीयू पुस्तिका. काउंटरवर कुणी काही वेगळं सांगितलं तर हीच पुस्तिका उघडून नम्रपणे पान दाखवता येतं.

डिझायनरला फोन करण्याआधी जमीन तपासा

आता खरा भाग. एक शनिवार काढा, मोजायची टेप आणि वही घ्या, आणि पुढचं सगळं बघा.

हद्द. जुन्या वस्तीत कुंपण हद्दीवर असतंच असं नाही. साठ वर्षांत ते दोन-तीनदा बदललेलं असतं, आणि प्रत्येक वेळी सहा इंच इकडे किंवा तिकडे सरकलेलं असतं. चार फूट सोडायचे ते हद्दीपासून, कुंपणापासून नाही. शंका असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून मोजणी करून घ्या.

इझमेंट, म्हणजे तुमच्या जमिनीतून इतरांना लाइन नेण्याचा हक्क. घर घेताना मिळालेल्या टायटल रिपोर्टमध्ये (मालकीच्या अहवालात) हे असतं. १९५०-६० च्या वसाहतींमध्ये मागच्या कुंपणालगत वीज, फोन किंवा सांडपाण्याच्या लाइनसाठी एक पट्टा राखलेला असतो. त्यावर बांधता येत नाही, सेटबॅकचा नियम काही म्हणो. तुमच्या मागच्या कुंपणावरून विजेच्या तारा जात असतील तर हा पट्टा असणार असंच धरून चला आणि कागद शोधा.

झाडं. मोठ्या झाडांना बहुतेक सिटींमध्ये संरक्षण असतं. खोडाचा घेर मोजून ठेवा.

वीज. पॅनेलचं झाकण उघडा आणि मेन ब्रेकरवरचा आकडा वाचा. १०० असेल तर एडीयूत विजेची शेगडी, हीट पंप आणि पाणी तापवायचं यंत्र आलं की बहुधा २०० ॲम्पिअरचं पॅनेल लागतं. सिटीच्या परमिटला मुदत असते, पण ती वीज कंपनीच्या कामाला लागू नसते. पॅनेल वाढवायला आणि नवी सर्व्हिस ओढायला काही महिने जाऊ शकतात. त्यामुळे नकाशा नक्की झाला की त्याच आठवड्यात वीज कंपनीकडे अर्ज टाका, परमिटची वाट बघू नका.

आणि ड्रेनेज. इथे आम्ही ठेचकाळलो, म्हणून नीट सांगते.

सांडपाण्याचा पाइप उतारावरच चालतो. नियम दर फुटाला पाव इंचाचा. म्हणजे पाइप जितका लांब, तितका शेवटी खोल जाणार, आणि जिथे तो मूळ घराच्या लाइनला मिळतो तिथे ती लाइन त्याहून खोल असली पाहिजे. आमच्या डिझायनरने सुंदर नकाशा काढला. बाथरूम अंगणाच्या टोकाला, कोपऱ्यात. जमिनीलगत काँक्रीटचा स्लॅब, म्हणजे दारात पायरी नाही, बाबांच्या गुडघ्यांना सोयीचं. सगळ्यांना आवडलं. पण मूळ घराची ड्रेनेज लाइन किती खोल आहे हे कुणीच मोजलं नव्हतं.

परमिटसाठी कागद देण्याच्या तोंडावर प्लंबरने क्लीनआउटचं (ड्रेनेज लाइन साफ करायच्या तोंडाचं) झाकण काढलं आणि आत टेप सोडली. तळ २६ इंचांवर. कोपऱ्यातल्या बाथरूमपासून तिथपर्यंत ७२ फूट, म्हणजे १८ इंच उतार. उरले ८ इंच. त्या आठ इंचांत स्लॅब, त्याखालची खडी आणि चार इंचांचा पाइप बसत नाही.

पर्याय दोन होते. घर उंच करायचं, म्हणजे दारात तीन-चार पायऱ्या. किंवा मैलापाणी वर ढकलणारा पंप बसवायचा, जो वीज गेली की थांबतो. दोन्ही आम्हाला नको होते. शेवटी आख्खा नकाशा आरशात बघावा तसा उलटा केला. बाथरूम आणि किचन मूळ घराच्या बाजूला आलं, बेडरूम कोपऱ्यात गेली. अंतर ४८ फूट झालं, उतार १२ इंच, आणि १४ इंच शिल्लक राहिले. जमलं. पण नकाशे नव्याने काढण्यात सहा आठवडे आणि दुसऱ्यांदा इंजिनियरची फी गेली. हा आकडा पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत मिळाला असता.

म्हणून प्लंबरला आधी बोलवा. जुन्या लाइनमध्ये कॅमेरा घालून रस्त्यापर्यंत व्हिडिओ काढायला सांगा. आमच्या भागात पूर्वी जर्दाळू आणि प्लमच्या बागा होत्या; घरांची लाइन बहुधा मातीच्या पाइपांची, आणि सांध्यांतून मुळं शिरलेली. रस्त्यापर्यंतची लाइन बदलावी लागणार असेल तर तो खर्च अंदाजपत्रकात आत्ताच आलेला बरा.

नकाशा : इथे राहणार कोण

डिझायनर तुम्हाला विचारेल, किती बेडरूम. तुम्ही त्याला राहणाऱ्या माणसांचा दिवस सांगा. कोण किती वाजता उठतं, कोण कुठे बसून पोथी वाचतं, कोणाला रात्री दोनदा उठावं लागतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी बांधत असाल तर या गोष्टी नकाशातच लिहून घ्या, कारण नंतर भिंती फोडाव्या लागतात. मुख्य दार आणि बाथरूमचं दार ३६ इंची, म्हणजे व्हीलचेअर आत जाते. शॉवरला उंबरठा नको, फरशीच हलक्या उताराने मोरीकडे न्यायची. कमोड आणि शॉवरच्या भिंतींत आतून जाड लाकडी पट्ट्या ठोकून ठेवायच्या, म्हणजे धरायचे दांडे आज नाही तरी पाच वर्षांनी पक्के बसतील. कमोडजवळ जेट स्प्रेसाठी पाण्याचा वेगळा पॉइंट आणि शेजारी विजेचा प्लग.

किचनचा मुद्दा आपल्या लोकांसाठी मोठा आहे. चिमणी बाहेर हवा सोडणारीच हवी. तीच हवा गाळून परत खोलीत सोडणारी नको. नव्या घरात बाहेर सोडणं नियमानेही लागतं. डक्ट जितका सरळ आणि आखूड तितकी फोडणी कमी कोंडते, म्हणून शेगडी बाहेरच्या भिंतीवरच ठेवा. सातशे फुटांच्या घरात हिंग-मोहरीचा वास गादीपर्यंत जातो.

ओट्याची इथली ठरलेली उंची ३६ इंच. आईची उंची चार फूट अकरा इंच. व्हिडिओ कॉलवर मी तिला सांगलीच्या ओट्याजवळ उभं राहून मोजायला लावलं. बाबांनी टेप धरली, आईने हात पोळपाटावर ठेवल्यासारखे ठेवले, आणि म्हणाली, "अगं, हा बत्तीस भरतोय. तुमच्याकडे मी खांदे वर करूनच लाटते." आम्ही शेगडीच्या उजवीकडचा तीन फुटांचा तुकडा ३३ इंचांवर केला. बाकी ओटा नेहमीसारखा, कारण डिशवॉशरला ती उंची लागते. एवढ्या एका बदलाने ते घर तिचं झालं.

झोपायच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी नियमाने लागते. तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून वर नको. हद्दीपासून पाच फुटांच्या आत येणारी भिंत तासभर आग थोपवेल अशी बांधावी लागते आणि तिच्यावर किती खिडक्या चालतात यालाही मर्यादा आहे. चार फूट सोडून बांधणाऱ्याच्या दोन भिंती यात येतात. म्हणून मोठ्या खिडक्या अंगणाच्या बाजूला घ्या. नवीन सुट्या एडीयूला छतावर सोलरही सहसा लागतं. त्यासाठी दक्षिणेकडचं छप्पर मोकळं ठेवा.

नकाशावर पैसे वाचवायचे असतील तर सिटीचे आधीच मंजूर केलेले नकाशे बघा. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक सिटीने अशी सोय करावी, असा राज्याचा कायदा झाला. प्लॉट सपाट आणि चौकोनी असेल तर ते उत्तम. आमच्या ड्रेनेजच्या अडचणीत ते बसले नसते.

परमिट

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत सिटीला हो किंवा नाही सांगावं लागतं. नाही म्हटलं तर काय चुकलं आणि कसं दुरुस्त करायचं हे लेखी द्यावं लागतं. "पूर्ण" हा शब्द मात्र महत्त्वाचा. साइट प्लॅन, आतला नकाशा, स्ट्रक्चरल हिशेब, टायटल २४ (राज्याच्या ऊर्जाविषयक नियमांचा) अहवाल, विजेच्या भाराचा हिशेब, यांतलं एक जरी राहिलं तरी मुदत सुरू होत नाही. सिटीच्या शेऱ्यांना उत्तर देताना प्रत्येक शेऱ्याखाली कोणत्या पानावर काय बदललं ते लिहून द्या. तपासणाऱ्याचा वेळ वाचला की तुमचा वाचतो.

पैसे आणि कॉन्ट्रॅक्टर

छोटं घर फुटामागे महाग पडतं, हे आधीच मनाशी धरा. घरातल्या महागड्या गोष्टी म्हणजे किचन, बाथरूम, पॅनेल आणि पाइप. त्या सगळ्या इथेही आहेत, फक्त स्वस्त पडणाऱ्या मोकळ्या खोल्या नाहीत. आम्ही घराच्या इक्विटीवर हेलॉक (घर तारण ठेवून लागेल तसं काढायचं कर्ज) घेतलं. अंदाजपत्रकात १५ टक्के राखीव ठेवले आणि त्यातले बहुतेक खणण्यातच गेले.

तीन ठिकाणांहून भाव घ्या, पण तिघांना एकच नकाशा आणि कामांची एकच यादी द्या. नाहीतर एकात खंदक धरलेला असतो आणि दुसऱ्यात नाही, आणि स्वस्त वाटतो तोच शेवटी महागात जातो. कॉन्ट्रॅक्टरचा परवाना राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर स्वतः तपासा. वर्ग बी (सर्वसाधारण बांधकामाचा), परवाना चालू, कामगारांचा विमा चालू.

आगाऊ रकमेला कायद्याची मर्यादा आहे. कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जे कमी असेल ते. म्हणजे एडीयूसाठी एक हजारच. पहिल्याच भेटीत वीस हजार मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. पुढचे हप्ते झालेल्या कामाचेच.

आणखी एक गोष्ट भारतातून आलेल्यांना माहीत नसते. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले, पण त्याने लाकूडवाल्याला किंवा प्लंबरला दिले नाहीत, तर ते तुमच्या घरावर बोजा चढवू शकतात. याला मेकॅनिक्स लीन म्हणतात. काम सुरू झाल्यावर अशा लोकांकडून पोस्टाने प्रिलिमिनरी नोटिसा येतील. घाबरू नका, ती अजून लीन नाही, पण प्रत्येक नोटीस जपून ठेवा. ज्यांच्या नोटिसा आल्या त्यांच्याकडून प्रत्येक हप्त्यासोबत सशर्त रिलीज (लीनचा हक्क सोडल्याचा कागद) आणि चेक वटल्यावर बिनशर्त रिलीज सही करून घ्या. मी एक वही केली होती. डावीकडे नोटीस, उजवीकडे रिलीज. उजवं पान रिकामं असेल तर पुढचा चेक नाही.

शेजार

कायदा शेजाऱ्यांना विचारायला सांगत नाही. तरीही आम्ही नकाशा घेऊन दोन्ही घरी गेलो. डावीकडच्या आजी साठ वर्षं त्याच घरात आहेत. त्यांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला आणि एका खिडकीवर बोट ठेवलं. ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अगदी समोर येत होती. आम्ही ती वर उचलून आडवी, अरुंद केली. उजेड तेवढाच आला. कुंपणापलीकडे त्यांचं जुनं जर्दाळूचं झाड आहे, त्याची मुळं आमच्याकडे आलेली. तेवढ्या दहा फुटांत खंदक यंत्राऐवजी फावड्याने खणला. कामाला कधी सुरुवात होणार, काँक्रीटचा ट्रक कोणत्या दिवशी येणार, मजुरांच्या गाड्या कुठे लागणार, हे आदल्या आठवड्यात सांगत गेलो. सहा महिने धूळ सोसणाऱ्यांचा एवढा हक्क आहेच.

खणण्यापासून किल्लीपर्यंत

खणायच्या आधी ८११ ला फोन. फुकट आहे आणि बंधनकारक आहे. ते येऊन रस्त्यावरून येणाऱ्या जमिनीखालच्या लाइन रंगाने दाखवतात. तुमच्या मीटरच्या आतल्या लाइन मात्र ते सहसा दाखवत नाहीत, त्यासाठी खासगी लोकेटर लागतो.

मग पाया, जमिनीखालचं प्लंबिंग, लाकडी सांगाडा, छप्पर, भिंतीतली वीज-पाइप-हवा, इन्सुलेशन, ड्रायवॉल (भिंतींवर लागणारे जिप्समचे तक्ते), फिनिश. प्रत्येक टप्प्यावर सिटीचा इन्स्पेक्टर येतो, आणि त्याने सही केल्याशिवाय काहीही झाकायचं नाही. सळया बघितल्याशिवाय काँक्रीट नाही, तारा बघितल्याशिवाय ड्रायवॉल नाही. शक्य असेल तेव्हा इन्स्पेक्शनला स्वतः हजर राहा. तो कॉन्ट्रॅक्टरला काय सांगतो ते कानांनी ऐका आणि लिहून ठेवा.

ड्रायवॉल लागण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप जमिनीला टेकवून, उंची दिसेल अशी. आईच्या देवघराची फळी लावताना आम्हाला लाकूड कुठे आहे ते त्या फोटोवरून एका मिनिटात सापडलं.

फायनल इन्स्पेक्शन झाल्यावर विमा कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्या, आणि बांधकाम सुरू असतानाचा विमाही आधी विचारून ठेवा. पुढे कधी भाड्याने द्यायचं ठरलं तर तीस दिवसांहून कमी मुदतीने सहसा देता येत नाही.

राहिला प्रॉपर्टी टॅक्स. मालमत्ता कराला लगाम घालणाऱ्या १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे मूळ घराचं नव्याने मूल्यांकन होत नाही, फक्त नव्या बांधकामाची किंमत त्यात मिळवली जाते. काउंटी त्याचं पुरवणी बिल वेगळं पाठवते. तुमचा नेहमीचा टॅक्स मॉर्गेजवाली बँक भरत असली तरी हे बिल सहसा तिच्याकडे जात नाही, थेट तुमच्या पत्त्यावर येतं, कधी कधी काम संपून कित्येक महिन्यांनी. तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा आणि पोस्टाची पेटी बघत राहा.